मोपा की दाबोळी: कार्गो वैमानिकाच्या रोस्टरवरून दोन विमानतळांचं परीक्षण

मालवाहू विमानांच्या वैमानिकाला बेस, म्हणजे पाळी जिथून सुरू होते ते ठिकाण, मिळतो तो मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद अशा शहरांत. ब्लू डार्टची बोइंग ७५७ आणि ७३७ असोत, इंडिगोची ए३२१ असोत की क्विकजेटची ७३७, माल रात्रीतून एका महानगरातून दुसऱ्या महानगरात जातो आणि वैमानिकाची हजेरीही तिथंच लागते. तरी म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव इथलं घर न सोडता ही नोकरी करता येईल का, हा प्रश्न गोव्यातल्या तरुण वैमानिकांना आणि त्यांच्या घरच्यांना पडतोच. उत्तर निम्मं विमानतळावर आणि निम्मं ज्येष्ठता यादीवर अवलंबून आहे. म्हणून इथं मोपा आणि दाबोळी या दोन्ही विमानतळांना प्रवाशाच्या नाही, तर रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या वैमानिकाच्या गरजेवर तोललं आहे.

निकाल आधीच सांगतो. ठरलेली लाइन, म्हणजे महिन्याच्या पाळ्यांचं पक्कं वेळापत्रक, मिळणाऱ्या ज्येष्ठ वैमानिकासाठी मोपाला पाचपैकी चार, दाबोळीला तीन. महिन्याचा मोठा भाग स्टँडबायवर, म्हणजे बोलावलं तर लगेच हजर होण्याच्या तयारीत, काढणाऱ्या कनिष्ठासाठी दोन्हींना एकेक, आणि त्यात विमानतळांचा काही दोष नाही.

ज्येष्ठता म्हणजे नेमकं काय, इथून सुरुवात करावी लागते, कारण घर घेण्याचे, कर्ज काढण्याचे चुकीचे निर्णय इथंच होतात. कंपनीच्या यादीत आपला नंबर रुजू होण्याच्या तारखेवरून लागतो. एकाच तुकडीतल्यांचा क्रम कशावर ठरतो, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. पण रोज उपयोगी पडतो तो हा नंबर नाही. आपल्या बेसवर, आपल्या विमानाच्या फ्लीटमध्ये, आपल्या हुद्द्यात आपण कितवे, हे पाहायचं. समजा कंपनीत १२० वैमानिक आहेत आणि तुम्ही ७० वे. ऐकायला बरं वाटतं. पण मुंबईला त्या फ्लीटचे २५ कॅप्टन असतील आणि त्यांत तुम्ही २२ वे असाल, तर तुमच्याखाली फक्त तिघं आहेत. चवथीची रजा, नाताळची रजा, बेस बदलण्याची संधी, सगळं २१ जणांची निवड झाल्यावर तुमच्यापर्यंत येणार. भारतात बहुतेक कंपन्यांत रोस्टर कंपनीच लावते, वैमानिक फार तर विनंती करतो. अमेरिकेतल्या मोठ्या कार्गो कंपन्यांत महिन्याच्या लाइनवर बोली लावली जाते आणि ती ज्येष्ठतेच्या क्रमानंच वाटली जाते. पद्धत कुठलीही असो, शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांतला माणूस उरलंसुरलं उडवतो आणि उरलंसुरलं म्हणजे स्टँडबाय.

मुलाखतीत पगार विचारतात, हे विचारत नाहीत. विचारावं: या बेसवर, या फ्लीटवर किती कॅप्टन आहेत, त्यांतले पुढच्या पाच वर्षांत वयाची ६५ पूर्ण करून निवृत्त होणारे किती, आणि येणारी विमानं किती. लहान फ्लीटचं गणित नाजूक असतं. आठ विमानं आणि दर विमानामागे कॅप्टन-फर्स्ट ऑफिसरच्या पाच जोड्या धरल्या तर चाळीस कॅप्टन होतात. एक विमान भाडेकरार संपून परत गेलं की पाच जण अतिरिक्त ठरतात, आणि यादीच्या तळाशी असलेल्याचा बेस किंवा हुद्दा हलतो. दोनशे विमानांच्या कंपनीत तेच एक विमान गेलेलं जाणवतही नाही.

आता रात्र कशी जाते ते पाहू, कारण विमानतळ निवडायचा तो तिच्यावरून. मुंबई बेसची एक साधी पाळी घ्या. २१:४५ ला हजेरी, २२:४५ ला उड्डाण, एकच्या सुमारास दिल्लीत उतरणं, माल उतरवून चढवून साडेतीनला परत उड्डाण, साडेपाचला मुंबई, कागद आवरून सहाला सुटका. मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत दोन लँडिंग झाली. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ८ जानेवारी २०२४ च्या सुधारित नियमांत रात्र म्हणजे ००:०० ते ०६:०० आणि त्या रात्रीत जास्तीत जास्त दोन लँडिंग, म्हणजे ही पाळी मर्यादेला अगदी टेकून आहे. कार्गो कंपनीची पाळ्या आणि विश्रांतीची स्वतःची मंजूर योजना कशी आहे, हे ऑपरेशन्स मॅन्युअलमधून वाचून घ्यावं, तोंडी आश्वासनावर राहू नये. याच नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, आणि त्यात दोन स्थानिक रात्री असायलाच हव्यात. गोव्याला ये-जा करणाऱ्यासाठी यासारखा उपयोगी बदल दुसरा नाही.

सोमवार ते गुरुवार अशा चार रात्री उडवल्या की शुक्रवारी सकाळी सहाला सुटका. आठच्या आसपासचं गोव्याचं विमान धरलं, सव्वा तासाचं उड्डाण, मग सामान आणि रस्ता. उत्तर गोव्यातला माणूस अकरापर्यंत घरी. पडदे ओढून चारपर्यंत झोप. पुढची हजेरी रविवारी रात्री पावणेदहाला असेल तर रविवारी अकराला घर सोडायचं. म्हणजे शुक्रवार अकरा ते रविवार अकरा, ४८ तास घरी, त्यांतले पहिले पाच झोपेत. चार रात्री उडवून दोन रात्री घर. हे जमतं. पण शुक्रवारचं आठचं विमान हुकलं आणि दुपारचं मिळालं, तर घरचा एक दिवस आणि दिवसाची झोप दोन्ही गेली.

नेमकं इथंच दाबोळी मागं पडतं. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठच्या सुमारापासून दुपारपर्यंतचा वेळ नौदलाच्या उड्डाणांसाठी राखलेला असतो, आणि नागरी वेळापत्रकात त्या तासांची पोकळी उघड दिसते. रात्रपाळी संपवून आलेल्या वैमानिकाला उतरायचं असतं ते नऊ-दहाच्या सुमारास, म्हणजे ऐन त्या पोकळीत. शनिवार-रविवारी ही अडचण नाही, म्हणून ज्याच्या पाळ्या शनिवारी पहाटे संपतात त्याला दाबोळी चालतं. रोस्टर हातात आलं की पहिल्यांदा हेच पाहावं: सुटका कुठल्या वारी आहे.

मोपाचं, म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं, उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून उड्डाणं सुरू झाली. नागरी विमानतळ असल्यानं सकाळचे तास मोकळे आहेत. पेडणे, म्हापसा, डिचोली, पर्वरी इथं राहणाऱ्यासाठी दुसरा विचार करण्याचं कारण नाही. राष्ट्रीय महामार्गावरून धारगळला वळून जोडरस्त्यानं थेट टर्मिनलपर्यंत जाता येतं. पणजीहून साधारण ३५ किलोमीटर. कदंबच्या विजेवर चालणाऱ्या बस पणजी, म्हापसा, मडगावकडे जातात, स्वच्छ असतात आणि सामान ठेवायला जागा असते. रात्री उशिराच्या विमानानं आलात तर मात्र बसच्या भरवशावर राहू नये, टॅक्सी आधी ठरवावी. चार दिवस गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये ठेवण्याआधी अनेक दिवसांचा दर विचारावा. महिन्याच्या चार फेऱ्यांचा हिशेब केला तर घरच्या माणसानं सोडणं किंवा बस हेच परवडतं.

मडगाव, कुडचडे, काणकोणच्या माणसाचं दुखणं वेगळं आहे. मोपा मडगावहून ६५ ते ७० किलोमीटर. नवा झुआरी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीचा जुना तुंबारा गेला, हे खरं. पण पर्वरीचा पट्टा गर्दीच्या वेळी किती वेळ खाईल याचा नेम नाही, आणि रात्रभर जागून आलेल्या माणसानं तासाभराहून जास्त गाडी हाकणं हे धोक्याचं काम आहे. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या घड्याळातला सर्वांत मंद काळ. तो कॉकपिटमध्ये जागून काढल्यावर मेंदू सकाळी दहाला कोलवाळच्या पुलावर हिशेब मागतो. डोळे उघडे असतात, पण समोरची गाडी थांबलेली लक्षात यायला वेळ लागतो. दक्षिण गोव्यातल्या वैमानिकानं मोपाला उतरून स्वतः गाडी चालवू नये. बस, टॅक्सी किंवा घरचं कुणी, यांपैकी काहीतरी. नाहीतर विमानतळावर उतरल्यावर आधी वीस-पंचवीस मिनिटं बसल्या बसल्या डुलकी घ्यावी, मग निघावं. ये-जा हा ड्युटीचा भाग धरला जात नाही. त्या तासांची काळजी कंपनी करत नाही, नियमही करत नाहीत. ती आपणच करायची.

दाबोळीच्या बाजूनं बोलायचं तर मडगावहून वेर्णा, बिर्लामार्गे पंचवीसेक किलोमीटरच आहेत. कामावर जाताना, म्हणजे दुपारी निघताना, नौदलाचे तास संपलेले असतात, त्यामुळे दक्षिणेतल्या माणसासाठी जाताना दाबोळी आणि येताना मोपा अशी जोडी बसते. ती बसवली तर गाडी कुठल्याच विमानतळावर ठेवायची नाही, हे ओघानं आलं. वास्को, चिखली, दाबोळी भागात राहणाऱ्याला तर हा विमानतळ सोडून दुसरीकडे जावंसंच वाटणार नाही.

तिकीट काढताना दोन अक्षरं सारखी असल्यानं घोळ होतो. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. ॲपवर नुसतं गोवा टाकलं की दोन्हीकडची विमानं एकत्र दिसतात, आणि स्वस्त दिसेल त्यावर बोट जातं. दोन्हींमध्ये साठेक किलोमीटर अंतर आहे. दुसऱ्या टोकालाही आता तसंच झालंय: नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू आहेत. मुंबईतलं कार्गो संकुल सहारला. पहाटे सहाला तिथून सुटलेल्यानं नवी मुंबईचं आठचं तिकीट काढलं असेल तर ते पैसे गेलेच म्हणून समजावं. सहारहून टर्मिनल टी-२ जवळ, टी-१ ला रस्त्यानं वळसा. हे सगळं तिकीट काढण्याआधी पाहायचं. आणखी एक बारकी गोष्ट: बहुतेक कंपन्यांत देशांतर्गत हातसामान सात किलो. फ्लाइट बॅग आणि चार दिवसांचे गणवेश मिळून ते सहज ओलांडतं, म्हणजे चेक-इन आलं, म्हणजे पट्ट्यावर पंधरा मिनिटं आली. गणवेशाचे दोन जोड आणि बूट बेसवरच ठेवले की हा प्रश्न मिटतो.

बेसवर खोली लागतेच, कितीही ज्येष्ठ असलात तरी. मरोळ-अंधेरीच्या बाजूला तीन-चार वैमानिक मिळून फ्लॅट घेतात, त्याला क्रॅशपॅड म्हणतात. कार्गोवाल्यांनी कार्गोवाल्यांबरोबरच राहावं. प्रवासी विमानांवरचा जोडीदार सकाळी सातला उठून मिक्सर लावतो आणि तुम्ही तेव्हा नुकते आडवे झालेले असता. खिडकीला दुहेरी काळे पडदे, एसी, दारावर बेल बंद, आणि खोली रस्त्याच्या बाजूची नको. चार रात्रींतली प्रत्येक दिवसाची झोप सहा तासांखाली गेली तर तिसऱ्या रात्री चुका सुरू होतात. वाचून दाखवलेला आकडा चुकीचा ऐकू येणं ही त्यांतली पहिली.

जाताना विमानाचा नियम एकच: मध्ये एक विमान राखीव. रात्री पावणेदहाची हजेरी असेल तर दुपारी तीनपर्यंत पोचवणारं तिकीट काढायचं, आणि ते रद्द झालं तर सहापर्यंत पोचवणारं दुसरं विमान वेळापत्रकात असायला हवं. संध्याकाळचं शेवटचं विमान हे वैमानिकाचं विमान नव्हे. सवलतीच्या स्टँडबाय (जागा उरली तरच मिळणाऱ्या) तिकिटावर डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत, कार्निव्हलच्या आणि लांब सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारी जागा मिळेल असं धरूच नये. कंपनीनं स्वतः पाठवलं तर ते पोझिशनिंग, आणि तो वेळ ड्युटीत मोजला जातो. आपण आपल्या घरून येतो तो मोजला जात नाही. हा फरक भल्याभल्यांना रोस्टरवाल्याशी भांडताना आठवतो.

स्टँडबायचं मात्र काहीच करता येत नाही. बोलावल्यावर एक-दोन तासांत हजर व्हायचं असेल तर माणूस त्या शहरातच असायला हवा. महिन्यात सहा-आठ स्टँडबाय असले की त्यांच्या अवतीभवतीचे सुट्टीचे दिवसही बेसवरच जातात. म्हणून रुजू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं गोव्याला ये-जा करण्याचा हट्ट धरू नये. नंबर बेसवरच्या मधल्या फळीत आला, की मग.

इथून करिअरच्या निवडीकडे येऊ, कारण दर वेळी कंपनी बदलली की हा नंबर शून्यावर जातो. दहा वर्षं उडवलेला कॅप्टन नव्या कंपनीत कालच्या मुलाखाली बसतो, पगार जास्त आणि रोस्टर वाईट. शिवाय डीजीसीएच्या नियमानं कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे समोरची जागा तितके दिवस थांबेल का, हे आधी पक्कं करावं.

विमान कुठलं, याला कंपनीच्या नावाहून जास्त वजन द्यावं. ए३२१ मालवाहूवर भरलेले तास ए३२० कुटुंबाचे, म्हणजे ती विमानं उडवणाऱ्या जगातल्या कुठल्याही प्रवासी कंपनीत चालणारे. ७३७-८०० चंही तसंच. भारतात त्याच कुळातली विमानं प्रवासी कंपन्यांकडे आहेत, फरकाचं प्रशिक्षण घेतलं की दार उघडतं. ७५७ देखणं, ताकदवान विमान, उडवणारे त्याच्या प्रेमात असतात. पण त्याचं उत्पादन २००४ मध्येच थांबलं. त्याचं टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची लायसन्सवरची नोंद) ७६७ बरोबर सामाईक असल्यानं मालवाहू जगात किंमत आहे, प्रवासी जगात फारशी नाही. तिशीतल्या फर्स्ट ऑफिसरनं हे नीट तोलावं. पन्नाशीतल्या कॅप्टनला ६५ पर्यंत तेच विमान पुरत असेल तर त्यानं नंबर सोडून कुठं जाऊ नये.

कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी, एटीपीएल हे सर्वांत वरचं लायसन्स हवं, त्याला उड्डाणाचे १५०० तास. लहान कार्गो कंपनीत कमांड लवकर मिळाली तर ती घ्यावी का? कनिष्ठ कॅप्टन होणं म्हणजे ज्येष्ठ फर्स्ट ऑफिसरची चांगली लाइन सोडून पुन्हा तळाशी जाणं. घरी लहान मूल असेल आणि गोव्याची ये-जा जमून आली असेल, तर एक वर्ष थांबणारे असतात. पण कॅप्टन म्हणून जेटवर भरलेले तास नंतर विकत मिळत नाहीत, आणि आखातातल्या मोठ्या मालवाहू विमानांकडे जायचं तर तेच पाहिले जातात. माझ्या मते कमांड घ्यावी आणि तेवढी दोन वर्षं बेसच्या शहरात राहावं.

आखाताचा पर्याय मोपामुळे सोपा झाला आहे. कतार एअरवेजनं आपली गोव्याची उड्डाणं २०२४ मध्ये दाबोळीहून मोपाला हलवली, त्यामुळे दोहा बेसवर असलेल्याला मुंबईत विमान न बदलता थेट मोपाला उतरता येतं. ७७७ मालवाहूवरच्या फेऱ्या अनेक दिवसांच्या असतात, आज हाँगकाँग तर परवा युरोप, आणि रात्र-दिवसाचं गणित देशातल्या एका-रात्रीच्या पाळीपेक्षा वेगळ्या तऱ्हेनं बिघडतं.

युरोपची वाट गोमंतकीयांपैकी काहींनाच खुली आहे. १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्या आजोबांच्या नोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्याला लक्झेंबर्गच्या कार्गोलक्ससारख्या कंपनीत कामाचा परवाना वेगळा काढावा लागत नाही. पण युरोपीय लायसन्ससाठी १३ विषयांच्या लेखी परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात, आणि पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. मग परत येऊन इथल्या कंपनीत उडवायचं तर परदेशी नागरिकाचे नियम लागतात. हा निर्णय रोस्टर पाहून घ्यायचा नाही.

पावसाळ्यात दोन्ही विमानतळ सारखेच छळतात. जून ते सप्टेंबर ढग खाली येतात, विमानं घिरट्या घालतात, वळवली जातात. त्या चार महिन्यांत तीनपर्यंत पोचण्याचा नियम बारापर्यंत आणावा, किंवा कोकणकन्या धरावी: संध्याकाळी मडगावहून निघून पहाटे मुंबई, आणि हजेरी त्या रात्री. गाडीत रात्री झोपून, दिवसा क्रॅशपॅडवर पुन्हा पडून रात्री उडवणं हे विमानानं धावत जाण्यापेक्षा शरीराला बरं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि वेग कमी असतो. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून वाहतूक थांबली होती, म्हणून मुसळधार पावसात रेल्वे आणि विमान दोन्ही तिकिटं हातात ठेवून नंतर एक रद्द केलेलं बरं.

राहिली चवथ. रजेची यादी महिने आधी भरते आणि ज्येष्ठतेनं भरते. तळाशी असलेल्यानं चतुर्थीचाच दिवस मागून नकार घेण्यापेक्षा आदली रात्र आणि चवथीची रात्र मागावी. दीड दिवसाचा गणपती असेल तर माटोळी बांधण्यापासून विसर्जनापर्यंत बहुतेक सगळं त्यात बसतं. पाच किंवा सात दिवसांचा असेल तर मधले दिवस मागावेत, ते कुणी मागत नाही. नाताळच्या पाळ्या आपण घेऊन चवथ ख्रिस्ती सहकाऱ्याला उडवायला द्यायची ही अदलाबदल गोव्यातली माणसं जुळवतात, फक्त ती रोस्टर निघण्याआधी लेखी कळवावी लागते. आणि तिकीट रजा मंजूर झाल्याच्या दिवशीच काढावं, सकाळी उतरायचं आणि वार शनिवार-रविवार नसेल तर जीओएक्सचं.